आधी वाळवा, मग कोंडा: भुकेच्या चर्चेत कधीच न येणारे महिने

2024 साली जगात सुमारे 67 कोटी 30 लाख माणसं उपाशी किंवा अर्धपोटी होती, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. या आकड्यावर बोलणं सुरू झालं की लगेच बियाणं, खतं आणि सिंचन यांच्यावर गाडी येते. ते सगळं हवंच. पण पीक कापल्यापासून पुढचं पीक हाती येईपर्यंत त्या धान्याचं काय होतं, हे फारसं कोणी विचारत नाही. माझं मत स्पष्ट आहे: टंचाईवरचा सगळ्यात लवकर फळ देणारा उपाय याच महिन्यांत दडलेला आहे, आणि सरकारं व देणगीदार नेमके इथेच हात आखडता घेतात.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अंदाजाप्रमाणे कापणीपासून किरकोळ दुकानापर्यंतच्या वाटेत साधारण 13 टक्के अन्न नष्ट होतं. पुढे दुकानं, हॉटेलं आणि घरं मिळून 2022 साली 105 कोटी टन अन्न टाकून दिलं गेलं. या दोन्ही गोष्टी एकाच श्वासात सांगितल्या जातात, तरी त्या वेगळ्या आहेत. श्रीमंत शहरातल्या ताटात उरलेलं अन्न वाचवणं चांगलंच, पण त्याने दूरच्या कोरडवाहू गावातली चूल पेटत नाही. लहान शेतकऱ्याच्या घरातलं किडलेलं पोतं वाचलं, तर ज्याला भूक लागणार आहे त्याच्याच घरात ते धान्य शिल्लक राहतं. वाहतूक नको, वाटप नको, मधला माणूस नको.

आता मुद्द्यावर. धान्य बिघडण्याची कारणं दोनच: ओलावा आणि किडे. उंदीर तिसरे, पण पहिली दोन सांभाळली तर त्यांचा बंदोबस्त त्यामानाने सोपा.

साठवणीसाठी मका 13 टक्के ओलाव्यापर्यंत उतरवावा लागतो, भात 14 टक्क्यांच्या खाली आणि भुईमुगाचे दाणे 7 ते 8 टक्क्यांपर्यंत. तेलबियांची मर्यादा इतकी कमी का? कारण तेल पाणी धरत नाही. त्यामुळे दाण्यातलं सगळं पाणी उरलेल्या भागात एकवटतं आणि बुरशीला ते पुरतं. ओलं धान्य पोत्यात भरलं की दाणा श्वसन करत राहतो. त्यातून उष्णता निघते, पाणीही निघतं, बुरशी वाढते, आणि ती आणखी उष्णता सोडते. पोत्यात हात घालून गरम लागलं, तर अर्धं नुकसान आधीच झालेलं असतं.

ओलावामापक यंत्र गावोगावी असणं अवघड आहे. त्याऐवजी मिठाची चाचणी करता येते. काचेची झाकणाची बरणी घ्या, ती आतून कोरडीठाक हवी. मीठ उन्हात किंवा तव्यावर पूर्ण कोरडं करून गार होऊ द्या. बरणीचा पाव ते एक तृतीयांश भाग धान्याने भरा, दोन-तीन चमचे मीठ घाला, झाकण लावून मिनिटभर जोरात हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवून द्या. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे, धान्य परत उन्हात घाला. मीठ सुटून खाली बसलं तर 15 च्या खाली आहे. पण 15 म्हणजे 13 नव्हे, हे इथे विसरलं जातं. चाचणी पार पडली तरी मक्याला आणखी एखादं कडक ऊन द्यावंच. नमुनाही ढिगाच्या वरचा घेऊ नये. वरचे दाणे बहुधा जास्त कोरडे असतात, म्हणून मधून आणि तळातून मिसळून घ्यावा.

वाळवण मातीवर नको, ताडपत्रीवर हवं. थर तीन ते पाच सेंटिमीटरचा, दर अर्ध्या-एक तासाने उलथायचा, संध्याकाळी दव पडण्याआधी झाकायचा. भात बियाण्यासाठी ठेवायचा असेल तर दाण्याचं तापमान 43 अंशांच्या पुढे जाऊ देऊ नये, उगवण मरते. खाण्याचा भातही भर उन्हात फार झपाट्याने वाळला तर दाण्याला तडे जातात आणि भरडताना कणीच जास्त निघते. वाळलेलं धान्य गरम असतानाच भरणं ही नेहमीची चूक. रात्री पिशवी थंड होते, आतली वाफ कडेला पाणी होऊन बसते आणि तिथूनच बुरशी सुरू होते.

मग शेतकरी नीट वाळवत का नाही? त्याला कळत नाही, असं मानून प्रशिक्षणाच्या कार्यक्रमांवर पैसा ओतला जातो. जरा हिशोब करू. 20 टक्के ओलाव्याचा 100 किलो मका 13 टक्क्यांवर आणला की उरतो 92 किलो. व्यापारी फक्त वजनावर पैसे देत असेल, तर वाळवणाऱ्याने मजुरी घालून 8 किलोचे पैसे गमावले. ओला माल विकणं हा त्याचा अडाणीपणा नसतो, चोख व्यवहार असतो. खरेदीच्या जागी ओलावा मोजून त्याप्रमाणे भाव मिळाला, तर वाळवण शिकवायला माणूस पाठवावा लागणार नाही. कोणत्याही सरकारने हा एक नियम आधी करावा असं मला मनापासून वाटतं.

आता किडे. सोंडे आणि भुंगे गोदामात जन्माला येतात हा समज चुकीचा. अनेकदा मादीने उभ्या पिकातच दाण्यावर किंवा दाण्यात अंडी घातलेली असतात आणि ती धान्याबरोबर घरात येतात. उबदार हवेत महिन्याभरात एक पिढी होते, म्हणून पहिले दोन महिने चांगलं दिसणारं पोतं चौथ्या महिन्यात पीठ होतं. त्यात काही जास्त उत्पादनाच्या संकरित मक्याचा दाणा मऊ असतो आणि कणसाचं टोक आवरणाबाहेर उघडं राहतं, त्यामुळे जुन्या टणक वाणांपेक्षा तो लवकर किडतो. नवं बियाणं देताना साठवण दिली नाही तर वाढलेल्या उत्पादनाचा मोठा वाटा किडे खातात. आफ्रिकेत तर 1970 च्या दशकाच्या शेवटी मध्य अमेरिकेतून मोठा धान्यपोखर भुंगा आला आणि मका साठवण्याचं गणितच बदललं.

यावरचा मला सगळ्यात पटलेला उपाय म्हणजे हवाबंद तिहेरी पिशवी. 1980 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या लॅरी मर्डॉक यांच्या गटाने कॅमेरूनमध्ये चवळी टिकवण्यासाठी ती पद्धत बसवली. आत जाड पॉलिथिनच्या दोन पिशव्या, बाहेर विणलेलं साधं पोतं. विष काहीच नाही. आतले किडेच श्वास घेऊन ऑक्सिजन संपवतात. तो कमी झाला की ते खाणं थांबवतात. शरीराला लागणारं पाणी ते अन्न जाळूनच मिळवत असल्यामुळे शेवटी कोरडे पडून मरतात.

पद्धत सोपी आहे, पण जिथे चुकते तिथे पूर्ण चुकते. भरण्याआधी आतल्या दोन्ही पिशव्यांत हवा भरून, तोंड पिळून दाबा आणि भोक आहे का ते पाहा. धान्यातला काडीकचरा आणि टोकदार देठ काढा. भरताना थोडं थोडं हलवून दाबत जा, म्हणजे हवा कमी राहते. वर पुरेसं तोंड मोकळं ठेवा. आधी सगळ्यात आतली पिशवी पिळून, दुमडून घट्ट बांधा, मग मधली, मग बाहेरचं पोतं. तिन्ही एकदम एका दोरीत बांधणं म्हणजे एकही न बांधणं. पहिले दोन महिने तरी उघडू नका. रोज लागणारं धान्य वेगळ्या लहान पिशवीत काढून ठेवा, कारण प्रत्येक वेळी तोंड उघडलं की आत ऑक्सिजन जातो. पिशव्या फळ्यांवर, भिंतीपासून दूर, उंदरांना आडोसा मिळणार नाही अशा ठेवा. आणि ओलं धान्य हवाबंद करू नका. ते आंबतं, वास मारतं, बियाणं म्हणून मरतं. पिशवी किडे मारते, ओलावा काढत नाही. ही योजना फसलेली जिथे दिसते, तिथे बहुतेकदा पिशव्या वाटलेल्या असतात आणि ताडपत्री दिलेली नसते.

पिशवी मिळतच नसेल तर चवळीसारख्या कडधान्यासाठी ऊन वापरता येतं. जमिनीवर उष्णता अडवणारा पालापाचोळ्याचा थर, त्यावर काळं प्लास्टिक, त्यावर धान्याचा पातळ थर, वर पारदर्शक प्लास्टिक आणि कडांना दगड. दाण्यांचं तापमान तासभर 57 अंशांवर राहिलं तर अंडी-अळ्यांसकट भुंगा मरतो. नंतर धान्य पुन्हा उघडं पडलं तर लागण परत होते, हे मात्र लक्षात ठेवावं. पत्र्याची कोठी उत्तम, मध्य अमेरिकेत ती हजारो घरांत पोचली. ती सावलीत हवी, नाहीतर दिवस-रात्रीच्या तापमानातल्या फरकाने आत पाणी सुटतं. फॉस्फिन हा विषारी वायू सोडून किडे मारणाऱ्या गोळ्यांबद्दल मात्र मी कडक बोलेन: राहत्या घरात त्या वापरूच नयेत. त्या वायूने झोपेत माणसं मरतात. शिवाय गळक्या पोत्यात अर्धवट धुरी दिली की वाचलेल्या किड्यांतून प्रतिकारक्षम पिढी तयार होते.

बुरशीचा प्रश्न तर धान्य किती उरलं याच्याही पलीकडचा आहे. 2004 साली पूर्व केनियात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असलेला मका खाऊन 317 जण आजारी पडले आणि त्यांतले 125 दगावले. हे विष शिजवून जात नाही, दळून जात नाही. ते थोड्याच दाण्यांत एकवटलेलं असतं, म्हणून फुटके, रंग उडालेले, सुरकुतलेले दाणे हाताने निवडून काढल्यानेही प्रमाण बरंच उतरतं. ते निवडलेले दाणे जनावरांना घालणं हा उपाय नाही, दुधातून विष परत घरात येतं.

फळं-भाज्यांबद्दल थोडक्यात: पोत्याऐवजी हवेशीर कडक क्रेट आणि कापणीनंतर तातडीने सावली, एवढ्यानेही बरंच काही वाचतं. बाष्पीभवनावर चालणारी मडक्यातली गारवापेटी कोरड्या हवेतच काम करते. दमट प्रदेशात ती वाटणं म्हणजे पैसे घालवणं.

आता अवघड भाग. धान्य टिकवता आलं म्हणून शेतकरी ते ठेवेलच असं नाही. सुगीला सावकार दारात असतो, भाव तळाला असतो, तरी विकावं लागतं. पुढे टंचाईच्या महिन्यांत तोच माणूस चढ्या भावाने धान्य विकत घेतो. नायजरमध्ये वापरात असलेली 'वारांताज' पद्धत यावर चांगली आहे. गटाच्या गोदामात धान्य ठेवायचं, दोन कुलपं, एक किल्ली गटाकडे आणि एक पतसंस्थेकडे. धान्य तारण ठेवून सुगीच्या भावाप्रमाणे कर्ज घ्यायचं, भाव चढल्यावर धान्य सोडवायचं. ती बुडते तेव्हा बहुतेकदा कारण तेच असतं: ओला माल आत घेतला जातो आणि तारणच सडतं. भाव चढलाच नाही, तर व्याजही शेतकऱ्याच्या अंगावर येतं, म्हणून कर्ज पूर्ण किमतीइतकं देऊ नये.

देशाच्या पातळीवरही दुखणं हेच आहे. 2008 साली जगात भाताचं पीक बुडालं नव्हतं. निर्यातदार देशांनी एकामागून एक निर्यात रोखली, आयातदार घाबरून खरेदीला धावले आणि तांदळाचा भाव काही महिन्यांत दुपटीहून जास्त झाला. जपान आपल्या गोदामांतला आयात केलेला तांदूळ बाहेर काढणार अशी नुसती बातमी आली आणि भाव उतरू लागले. उलट मलावीने 2001 साली राखीव मका विकून टाकला आणि 2002 च्या सुरुवातीला तिथे उपासमार झाली. राखीव साठा ठेवायचा तर कोणत्या भावाला खरेदी, कोणत्या भावाला विक्री आणि कोणतं पोतं आधी बाहेर काढायचं, हे सुगीच्या आधी लेखी जाहीर झालेलं हवं. जुना माल दरवर्षी टंचाईच्या महिन्यांत बाजारात यायला हवा आणि गोदामाच्या दारात ओलावामापक हवा. तो नसेल तर मोठ्या गोदामातही तेच होतं जे घरातल्या पोत्यात होतं, फक्त टनांच्या हिशोबाने.