टिपण काढायला शिकवायचं कुणी?

बालभारतीच्या पुस्तकांत धड्यांमागे कोरी पानं आली होती, आठवतंय? २०२३-२४ पासून. वर 'माझी नोंद' छापलेलं असायचं. दप्तर हलकं व्हावं आणि शिकताना सुचलेलं मुलांनी तिथल्या तिथं लिहावं, असा विचार होता. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने तो निर्णय मागे घेतला. पानं गेल्याचं मला दुःख नाही. पण त्यांवर काय लिहायचं, कसं लिहायचं, हे मुलांना शिकवायचं राहूनच गेलं आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, याचा मनापासून त्रास होतो.

गोष्ट मुलांना ओढत नेते. भूगोल-विज्ञानाचा धडा नेत नाही. तिथं थांबावं लागतं, मागं जावं लागतं, आकृती आणि मजकूर ताडून बघावा लागतो. हे वाचन शिकवायचं कुणी? मराठीच्या बाई म्हणतात, विज्ञानाच्या सरांनी. सर म्हणतात, वाचन हा भाषेचा विषय. शेवटी धडा वाचून होतो, स्वाध्यायाची उत्तरं फळ्यावर येतात, मुलं उतरवून घेतात, उरलेलं गाईड भागवतं.

मी सातवीला लोणार सरोवरावरचा उतारा देते. जून २०२० मध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं होतं, त्याबद्दलचा. "महत्त्वाचं अधोरेखित करा" एवढंच म्हटलं, तर पोरं अख्खा उतारा रंगवतात. त्यांचा काय दोष? कशासाठी वाचायचं तेच सांगितलेलं नसतं. म्हणून आधी फळ्यावर एकच प्रश्न: पाणी गुलाबी का झालं? आता सरोवर बुलढाणा जिल्ह्यात आहे, उल्का आदळून बेसॉल्ट खडकात तयार झालंय, हे सगळं खरं, पण या प्रश्नापुरतं बाजूला ठेवायचं. हे बाजूला ठेवणंच मुलांना सगळ्यात जड जातं. "बाई, पण परीक्षेत आलं तर?" हा प्रश्न हमखास येतो, आणि इतकी वर्षं आपण त्यांना काय शिकवलं ते त्यातून कळतं.

पहिला परिच्छेद मीच मोठ्याने वाचते, वाचताना डोक्यात काय चाललंय तेही बोलते. "क्षारता म्हणजे काय? थांबा, पुढच्या वाक्यात सापडतंय का बघू." चांगला वाचकही अडतो, हे मुलांनी बघायला हवं.

मग उतारा पालथा घालायचा. आठवेल ते वहीत, तुटक शब्दांत, बाण काढून: पाणी आटलं, क्षार वाढले, खारट पाण्यात जगणारे सूक्ष्मजीव वाढले, त्यांच्या रंगद्रव्याने पाणी गुलाबी. (पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून हे कारण सांगितलं.) पुन्हा उतारा उघडायचा आणि सुटलेलं दुसऱ्या शाईने भरायचं. ही दुसरी शाई मला फार मोलाची वाटते. कोणाचा मधला दुवा तुटला ते वही उघडताच दिसतं. बऱ्याच जणांचा क्षार आणि सूक्ष्मजीव यांच्यामधला बाण सुटलेला असतो, आणि तेवढंच मी परत समजावते.

"पोर्शन कधी संपवायचा?" असं सहकारी विचारतात. अडचण खरी आहे. प्रत्येक धड्याला हे जमणार नाही, जमवूही नये. महिन्यातून एखादा धडा, पण विज्ञान, भूगोल, इतिहास सगळ्यांनी मिळून.

आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, पुढच्या शिक्षण परिषदेत मी हाच विषय मागणार आहे. पीपीटी नको, समोर मुलं बसवून प्रत्यक्ष पाठ हवा. तुमच्या केंद्रात कुणी असा पाठ घेत असेल तर कळवा, बघायला यायची माझी तयारी आहे.