चतुर्थीचं चेडू

पाऊस धरला होता, पण पडत नव्हता. मालवणजवळच्या आमच्या तिठ्यावर नेहमीचे पाच जण बसलो होतो. १ जूनपासून मासेमारी बंद, त्यामुळे बाबीही मोकळाच.

विषय भाईंनी काढला. त्यांची नात गेल्या चतुर्थीला, २७ ऑगस्ट २०२५ला, डोंबिवलीत जन्मली. इकडे आरती चालू असताना फोन आला होता, त्यामुळे तिला सगळा गाव ओळखतो. आता पहिला वाढदिवस. मुलगा म्हणतो तारखेला, तिकडेच, हॉल घेऊन. भाई म्हणतात, "चेडू चतुर्थीक झाला, मगे वाढदिवस चतुर्थीकच. गावच्या घरात."

"मग एकाच दिवशी तर येतंय," दाजी रिक्षावाला म्हणाला.

मास्तरांना एवढंच हवं होतं. "कुठलं एकाच दिवशी? सध्या अधिक ज्येष्ठ चाललाय. यंदा २७ ऑगस्टला नारळी पौर्णिमा तोंडावर असेल. चतुर्थी १४ सप्टेंबरला." चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, दरवर्षी अकरा दिवस मागे पडतं, म्हणून मधूनमधून एक महिना जास्तीचा घालतात आणि ते वर्ष ३८४ दिवसांचं होतं, हे त्यांनी आम्हाला चौथीच्या वर्गासारखं समजावलं.

"म्हणजे तिथीन बघलां तर पोर तेरा महिन्यांनी वर्साचा होतला?" बाबी हसायलाच लागला. "आणि माका काय? श्रावणात मासे नाय, चतुर्थीत मासे नाय. दोन्हीकडे बोलवू नकात."

दाजी मुलाच्या बाजूने. २७ ऑगस्ट गुरुवार आहे, रजा मिळणं कठीण, पण ती माणसं संध्याकाळी तरी जमतील. चतुर्थीला मात्र तान्ह्या पोराला घेऊन त्या गर्दीच्या गाडीत बसायचं? भाई म्हणाले, सगळे चाकरमानी तसेच येतात. शिवाय भावकी आयती जमलेली, वेगळा खर्च नाही. आणि एक मुद्दा त्यांनी फार जपून ठेवला होता: वर्षाच्या आत मध देऊ नका असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणून पोरीने अजून पंचामृत चाखलेलं नाही. चतुर्थीला ते पहिल्यांदा आजीच्या हातून मिळेल.

"पण ते वर्ष डॉक्टर तारखेनेच मोजतात ना," दाजी म्हणाला. भाईंना ते आवडलं नाही.

मला राहवेना. आमच्या कट्ट्यावर बायका बसत नाहीत, म्हणून या चर्चा इतक्या सुखात चालतात. माझ्या पुतण्याचा पहिला वाढदिवस आम्ही असाच गणपतीत उरकला होता. घरात पस्तीस माणसं, न्हाणीघर एक. केक आला तेव्हा पोर झोपलेलं. उठवलं, तर भजनाचे टाळ ऐकून बिथरलं आणि जे रडायला लागलं ते थांबेना. फोटो मात्र छान आलेत. फक्त त्यात वहिनी नाही. ती मागच्या पडवीत दुसऱ्या पंगतीची पानं मांडत होती. त्या दिवशी कोणाच्या ते लक्षातही आलं नाही, माझ्याही नाही. पुतण्या सहा वर्षांचा झाल्यावर त्यानेच विचारलं, आई कुठे होती?

"सून काय म्हणता?" बाबीने भाईंना विचारलं.

भाई गप्प. सुनेला कोणी विचारलंच नव्हतं. तिच्या माहेरच्यांना, म्हणजे चिपळूणच्या आजी-आजोबांना तर नाहीच.

मग मास्तरच म्हणाले की वाद काहीही घाला, रेल्वे आता साठच दिवस आधी तिकीट देते. ११ सप्टेंबरच्या शुक्रवारची गाडी हवी तर १३ जुलैला सकाळी आठला मोबाईल धरून बसायचं, पाच मिनिटांत वेटिंग लागतं. दाजीने त्यावर आपली जुनी गोष्ट सुरू केली, कणकवलीपर्यंत दारात उभा राहून आल्याची. ती आम्ही सगळ्यांनी ऐकलेली आहे.

भाईंचं लक्ष नव्हतं. त्यांनी खिशातून पेन काढलं, विडीचं पाकीट उलटं केलं.

"मास्तर, आणि २६ ऑगस्टची?"

"येणारी?"

"जाणारी."

मास्तरांनी बोटं मोजली. "२७ जून. किती तिकिटं?"

"दोन," भाई म्हणाले.