मोटर भंगारातली, सप्लाय नवा

सोसायटीच्या गणपतीमागे यंदा चक्र फिरवायचं ठरलं त्या मीटिंगला मी नव्हतो. साहजिकच मोटरला सप्लाय शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मोटर खजिनदारकाकांनी भंगारातून आणली होती. कुठल्यातरी गाडीच्या वायपरची, १२ व्होल्टची. "बाराच ना? मग माझा वायफायचा अडॅप्टर घे," नाना म्हणाले. त्यावर १२ व्होल्ट, १ अँपिअर लिहिलेलं. लावला. मोटर दचकली, थांबली, पुन्हा दचकली. अडॅप्टरचा हिरवा दिवा लुकलुकू लागला. थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ पासून बंदी, म्हणून चक्र प्लायवूडचं, चांगलं जाडजूड. मोटर उभ्यानं सुरू होताना फिरतानाच्या कितीतरी पट करंट ओढते. अडॅप्टरला ते झेपेना, तो बंद पडायचा, सावरायचा, पुन्हा बंद. विष्णूचं चक्र उचक्या देत होतं.

"व्होल्ट वाढव," म्हणत नाना लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर घेऊन आले. तो मी हातातून काढून घेतला. मग दहा अँपिअरचा सप्लाय आणतो म्हटल्यावर काकू ओरडल्या, "अरे, जळेल ना मोटर!" मी समजावलं, व्होल्ट जुळायला हवेत, अँपिअर जास्त असले तरी बिघडत नाही. मोटर लागेल तेवढेच घेते. वाढपी लाडवांचं अख्खं ताट घेऊन आला म्हणून कोणी सगळे खातं का? आमच्या सोसायटीत हे उदाहरण द्यायला नको होतं. दोघांनी माना खाली घातल्या.

पुण्यात असल्या वस्तूंसाठी बुधवार पेठ, पासोड्या विठोबाजवळ. "बारा व्होल्टचा सप्लाय द्या." दुकानदारानं वर न बघता विचारलं, "लोड किती?" मी मोटर काउंटरवर ठेवली. त्यानं मीटर लावला. मोकळी फिरताना दोनेक अँपिअर. मग त्यानं फडक्यानं शाफ्ट आवळून धरला आणि आकडा सरसर चढला. "हा आकडा बघून सप्लाय घ्यायचा. मोकळीचा नाही," म्हणत त्यानं भोकाभोकांच्या पत्र्याचा, १० अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेचे बारा व्होल्ट करून देणारा सप्लाय, पुढे सरकवला.

जोडला. चक्र फिरलं, पण उलटं. यावर धार्मिक चर्चा सुरू होण्याआधीच मी प्लस-मायनसच्या वायरी बदलल्या.

खजिनदारकाका बिल बघत राहिले. "मोटरपेक्षा महाग? आणि घेते किती ती?"

"फिरताना तीनेक अँपिअर."

"मग उरलेल्या सातांचे पैसे परत माग."