नवे आम्ल ओतणे हा उपाय नव्हे

इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटरीतील आम्ल बदलले की ती पुन्हा चालते, हे लेखातील विधान पटले नाही. आम्लाचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत घनता) घसरते ते बहुधा त्यातील सल्फेट शिशाच्या प्लेटांवर साचल्यामुळे. वरून आम्ल ओतल्यास हे गुरुत्व मोजणारा हायड्रोमीटर १.२५ असा चांगला आकडा दाखवील, पण प्लेटा तशाच राहतील, आणि चार्जिंगमध्ये ते सल्फेट सुटून आम्लात परतलेच तर जास्तच तीव्र झालेले आम्ल प्लेटांनाच खाईल. म्हापशातील आमच्या बॅटरीला डिस्टिल्ड पाणी आणि मंद चार्जिंग यांनी आणखी एक पावसाळा मिळाला. मात्र एक सेल (कप्पा) आतून शॉर्ट होऊन बारा व्होल्टच्या बॅटरीचे व्होल्टेज साडेदहाच्या आसपास अडकले असते, तर तोही खटाटोप व्यर्थ होता.

काढलेल्या आम्लाचे काय करावे, याविषयी लेखात अवाक्षरही नाही. गोव्यात परसात विहीर आणि जमिनीत सच्छिद्र जांभा असताना शिसेमिश्रित आम्ल मातीत जिरवणे हे स्वतःच्याच पाण्यात विष कालवणे आहे. बॅटरी न उघडता विक्रेत्याकडे परत द्यावी. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.