निगुऱ्याचा नैवेद्य देवाला पोचत नाही म्हणे!

गणपतीची चवथ तोंडावर आलेली आणि डिचोलीच्या माझ्या मावशीने सुनेला बजावलं, यंदा नैवेद्याच्या पातोळ्यांना तू हात लावायचा नाही. का? तर तिने गुरुमंत्र घेतलेला नाही, म्हणजे ती निगुरी, बिनगुरूची. हे ज्ञान व्हॉट्सॲपवरून आलं: 'हिंदू असो वा शीख, देहधारी गुरूशिवाय गती नाही. निगुऱ्याचा नैवेद्य देवाला पोचत नाही. गुरू एकच करावा, त्याला प्रश्न विचारणं महापाप.'

आधी नैवेद्याचंच बघतो, कारण डोकं तिथेच फिरलं. मेसेजवाल्याने दाखला दिलाय नामदेवांचा. गोरोबाकाकांनी थापटणं मारून त्यांना कच्चं मडकं ठरवलं, कारण त्यांना गुरू नव्हता. बरं, गोष्ट आहे. ज्ञानोबांनी निवृत्तिनाथांना डोक्यावर घेतलं, तेही कबूल. पण याच नामदेवांच्या हातचा नैवेद्य विठ्ठलाने खाल्ला तो कधी? बाळपणी! तेव्हा कुठले आले त्यांचे गुरू विसोबा खेचर? आणि ही फक्त आपल्या कीर्तनातली कथा नव्हे. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. त्यातलं भैरव रागातलं एक, पान ११६३ वरचं, वाचा. नामा कपिला गाईचं दूध काढून देवापुढे धरतो, पी म्हणतो, देव हसतो आणि पितो. दीक्षा झाली का, असं काही विचारत नाही.

पुढे विसोबा भेटले तेही पिंडीवर पाय टाकून पडलेले. म्हणाले, देव नसेल तिथे ठेव माझे पाय. तशी जागा नामदेवांना सापडली नाही. मग मावशीच्या सुनेच्या हातातच तेवढा देव नाही होय?

शिखांचं म्हणाल तर दहावे गुरू गोविंदसिंग यांनी १७०८ साली नांदेडला ग्रंथालाच गुरुपद दिलं. मुख्य शीख परंपरेत त्यानंतर देहधारी गुरू नाही. बेतीच्या गुरुद्वारात जाऊन बघा, चांदव्याखाली रुमाल्यात ठेवलेला ग्रंथच आहे. लंगरमध्ये पोळ्या लाटायला बसलात तर डोकं झाका म्हणतील, गुरुमंत्राची चौकशी कुणी करणार नाही.

एकच गुरू? मावशी साखळीच्या दत्तवाडीला जाते, त्या दत्तगुरूंनीच २४ गुरू केले. भागवताचा अकरावा स्कंध उघडा, त्यात अजगर आहे, पिंगळा वेश्याही आहे. आणि प्रश्न विचारणं पाप असेल तर अर्जुनाचं काय करायचं?

मेसेजच्या तळाला दीक्षेची दक्षिणा पाठवायला क्यूआर कोड आहे. मावशीने तो अजून स्कॅन केलेला नाही, एवढंच नशीब.