जुनी कॅम्पर घेताय? मग काहीही तपासू नका

सर्वप्रथम अभिनंदन. जुनी, आटोपशीर, 'फुली लोडेड' कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत झोपायची-रांधायची सोय केलेली गाडी, घ्यायचं तुम्ही मनावर घेतलं आहे, म्हणजे गाठीला थोडे पैसे आहेत आणि रील बघून डोळे भरलेले आहेत. विकणाऱ्याला यापेक्षा जास्त काही लागत नाही. मी नुकताच नाशिकला पाथर्डी फाट्याच्या पुढे अशीच एक गाडी बघून आलो, तेव्हा माहिती अगदी ताजी आहे. नीट वाचा आणि त्याप्रमाणे वागा.

गाडी बघायला एप्रिल-मेमध्येच जा. नाशिकच्या उन्हात छताची गळती, प्लायमधली ओल, गादीखालची बुरशी, सगळं वाळून खडखडीत होतं. जुलैत इगतपुरीला रात्रभर गाडी उभी करायची आणि सकाळी कोपरे चाचपायचे, असले हट्ट संशयी लोक करतात. आपण तसे नाही. छताला व्हेंट, सोलर आणि एसीसाठी भोकं पाडलेली असतात. एकाच भोकाभोवती आधी पांढरं, त्यावर पारदर्शक आणि त्यावर काळं असे सिलिकॉनचे तीन थर दिसले, तर मालक किती निगा राखतात म्हणून कौतुक करा. दर पावसाळ्याला एक थर, कुठेही खंड नाही. भिंतीला नवाकोरा थ्रीडी वॉलपेपर असेल तर लांबूनच बघा. बोटाने दाबू नका, बोट आत जातं. दाराजवळ आणि बेसिनखाली टाच दाबून जमीन मऊ लागते का ते तर मुळीच बघू नका. आणि आत शिरल्याबरोबर उदबत्तीचा घमघमाट आला, तर मालक देवभोळे आहेत एवढंच समजायचं.

इंजिन तुम्ही पोहोचायच्या आधीच चालू करून ठेवलेलं असेल. 'तुम्ही येणार म्हणून गरम करून ठेवली,' असं सांगतील. पाहुण्याला चहा तयार ठेवावा इतकं हे प्रेम. त्यावर 'मी उद्या सकाळी येतो, गार इंजिनाला मीच सेल मारतो' असं म्हणणं शोभत नाही. गार इंजिन सुरू होताना किती कुरकुरतं, सायलेन्सरमधून निळा धूर येतो की पांढरा, ऑइलचं झाकण काढल्यावर आतून फुसफुस धूर मारतंय का, या घरातल्या गोष्टी. पाहुण्याने त्यात पडू नये.

चक्कर मारायची ती गंगापूर रोडला. सरळ रस्ता, गार वारा, गाणी लावलेली. कसारा घाट किंवा नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढवून बघू असं म्हणालात, तर क्लच सरकतोय का, तापमानाचा काटा लालमध्ये जातोय का, उतरताना ब्रेकचा वास येतोय का, हे सगळं तासाभरात कळून बसेल. मग गाडी घेण्यातली मजा काय उरली?

गाडीखाली वाकू नका. पँट खराब होते. चासीला काय झालंय ते चासीलाच माहीत असू द्या.

लोहचुंबक घरीच राहू द्या. ते पत्र्याला चिकटतं, पोचे आणि गंज झाकायला भरलेल्या पुट्टीला चिकटत नाही, आणि मग उगाच सगळ्यांना अवघडल्यासारखं होतं.

टायरची नक्षी बघा, साल बघू नका. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २२१७ म्हणजे २०१७ सालचा २२ वा आठवडा. बरेच कॅम्पर वर्षातले अकरा महिने उभे असतात, त्यामुळे नक्षी शाबूत आणि रबराला मात्र कडेने चिरा, हा तिथला नेहमीचा प्रकार. चिरांवर काळं पॉलिश मारलेलं असतं, छान चमकतं.

ई-चलनं बघू नका. ती गाडीबरोबर फुकट मिळतात.

विजेचं सांगतो. गाडीत फ्रिज चालू, पंखा चालू, रंगीत दिवे चालू, आणि खिडकीतून एक पिवळी वायर घरात गेलेली असेल. त्या वायरकडे दुर्लक्ष करा. ती काढून, इंजिन बंद ठेवून, फ्रिज आणि पंखा दोन तास चालतो का हे बघायला सांगितलं, की मालकांना एकदम बाहेर जायचं असतं. चांगली १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरून निवांत ठेवली तर १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते. मल्टिमीटर कोणत्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात स्वस्तात मिळतो, म्हणून तो घेऊन जाऊ नका. 'इंडक्शन पण चालतं' म्हणाले तर लगेच विश्वास ठेवा. १५०० वॅटचं इंडक्शन १२ व्होल्टवरून चालवायचं तर बॅटरीतून सव्वाशे अँपिअर खेचावे लागतात, आणि तिथे घराच्या वायरिंगमधली उरलेली वायर वापरलेली असते, मध्ये फ्यूजसुद्धा नसतो. पण हे गणित आठवीचं आहे आणि आपण आठवी कधीच सोडली.

वजनाचं तर नावच काढू नका. पिंपळगावला, लासलगावला कांद्याचा ट्रॅक्टरसुद्धा काट्यावर गेल्याशिवाय पुढे सरकत नाही. जिल्ह्यात पावलोपावली वजनकाटे आहेत. पण चार माणसं, शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, मरीन प्लायची कपाटं, छतावर एसी आणि वर कॅरिअर अशी सगळी वरात घेऊन गाडी तिच्या परवानगीच्या वजनात बसते का, हे आजवर कोणी काट्यावर नेऊन बघितलेलं नाही. स्प्रिंगचे पाटे बसलेत, गाडी मागून ढुंगण टेकवून उभी आहे, तर म्हणे 'सस्पेन्शन सॉफ्ट केलंय, आरामदायी'.

टॉयलेट आहे का, एवढंच विचारा. ते रिकामं कुठे करायचं, हे विचारू नका. त्यांनीही कधी विचार केलेला नाही, हे वासावरून कळतंच.

आता आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र. आरसी मागणं हा उद्धटपणा आहे. मी मागितली तर कळलं की ती भावाकडे आहे आणि भाऊ पुण्याला आहे. या सगळ्या गाड्यांच्या आरसी भावाकडेच असतात आणि सगळे भाऊ पुण्यालाच असतात. फार आग्रह केलात तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो, त्यात अंगठा नेमका 'व्हेइकल क्लास'वर. तिथे 'मोटर कॅरव्हॅन' किंवा 'कॅम्पर व्हॅन' असं लिहिलेलं असेल तर विषय मिटला. पण तिथे 'बस' असतं, आसनं बारा अधिक एक असतात, आणि आत दोन पलंग, एक ओटा आणि बेसिन. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी आरसीवरच्या नोंदी जुळणार नाहीत असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. पाथर्डी फाट्याचा निकाल मात्र वेगळा लागला: 'काही होत नाही हो. कोण विचारतंय?'

विमा कंपनी विचारते. अपघात झाल्यावर विचारते, आधी नाही.

आणि '२००९ मॉडेल, पेपर क्लिअर' यावर आणखी काही विचारू नका. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण, शिवाय पर्यावरण कर. नंबर डीएलने सुरू होत असेल आणि किंमत ऐकून आनंद होत असेल, तर आनंदच होऊ द्या. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांबाबत आदेश निघाल्यापासून तिकडचा माल इकडे स्वस्तात येतो. तिथली एनओसी म्हणजे ना-हरकत, इथला रोड टॅक्स आणि १२ महिन्यांच्या आत नवा नंबर, हे सगळं तुमच्या अंगावर. 'आरटीओत आपला माणूस आहे' हे वाक्य ऐकल्यावर तर टोकन द्यायला अजिबात उशीर करू नका. त्या माणसाचा फोन टोकन दिल्यानंतर बंद लागतो.

सगळ्यात गोड वाक्य शेवटी येतं. '२०२७ ला कुंभमेळा आहे साहेब. लॉजला जागा मिळणार नाही. महिनाभर भाड्याने लावा, गाडी फुकटात पडेल.' पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने लावता येत नाही, त्याला परिवहन नोंदणी आणि परमिट लागतं. पण असल्या बारीकसारीक गोष्टींनी सिंहस्थाचं पुण्य कमी करू नये.

गॅसबद्दल माझा सल्ला एका ओळीचा होता. सिलिंडर कुठे ठेवलाय ते विचारू नका.

त्या गाडीत मागच्या बाजूला एक छोटा आडवा पलंग होता, मुलांसाठी. कार्टूनची चादर, भोवती लुकलुकणारे दिवे. माझी मुलगी चढून आडवी झाली. मालक म्हणाले, 'मस्त आहे ना बाळा? गडापर्यंत झोपून जायचं.' चालत्या गाडीत, बेल्टशिवाय. ते एक असो. मी पलंगाखालचं दार उघडलं. आत घरगुती लाल सिलिंडर, १४.२ किलोचा, सुतळीने बांधलेला. हो, सुतळीने. त्याच कप्प्यात वीतभर अंतरावर बॅटरी आणि इन्व्हर्टर. रबरी नळी प्लायच्या भोकातून ओट्याकडे गेलेली आणि भोकाच्या कडेला घासून तिला खाच पडलेली. कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं एकही छिद्र नाही. आणि वर माझी मुलगी लोळत होती.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, खाली साठतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा राहण्याच्या जागेपासून पूर्ण बंद लागतो, त्याच्या तळाला गाडीबाहेर उघडणारी जाळी लागते, आणि ठिणगी पडेल असं काही त्याच्याजवळ ठेवायचं नसतं. इन्व्हर्टर चालू होतानाची ठिणगी पुरेशी असते. हे मी त्यांना शांतपणे सांगितलं. ते म्हणाले, 'अहो, घरी पण ओट्याखालीच असतो ना?' अहो, तुमचं घर समृद्धी महामार्गावरून पळतं का? तुमचा ओटा नाशिकच्या द्वारका चौकातल्या खड्ड्यांत आदळतो का? मग म्हणाले, 'झोपताना वरची खिडकी उघडी ठेवायची.' गॅस खाली साठतो म्हणून आत्ताच सांगितलं, तरी खिडकी वरची! साबणाचं पाणी करून जोडांवर लावून बघू, बुडबुडे येतात का ते दिसेल, असं म्हटलं, तर त्यांनी दार लावून घेतलं आणि ते ऐतिहासिक वाक्य ऐकवलं: 'तुम्ही फार शंका काढता. तुम्हाला गाडी घ्यायचीच नाहीये. आम्हाला सीरियस बायर पाहिजे.'

म्हणजे प्रश्न विचारला की माणूस सीरियस नाही. डोळे मिटून पैसे दिले की सीरियस.

पुरे झाला हा उपरोध, मला आता तो जमत नाहीये. विकणाऱ्यांनो, जुनी गाडी विकण्यात काही वाईट नाही. गंज असेल, गळत असेल, क्लच गेला असेल तर तसं सांगा आणि भाव कमी करा. घेणारा दुरुस्त करून घेईल. पण लहान मुलाच्या पलंगाखाली सुतळीने सिलिंडर बांधून वर दिव्यांच्या माळा लावता आणि त्याला 'फॅमिली युज्ड' म्हणता? लाज वाटली पाहिजे. आणि घेणाऱ्यांनो, तुमचंही कौतुक सांगायला नको. पडद्याचा रंग आवडला म्हणून टोकन पाठवता. दोन हजारांचा मोबाईल घेताना बिल मागता, आणि लाखांची गाडी घेताना 'माणूस चांगला वाटला' म्हणून आरसी मागायला लाजता. तुम्ही विचारत नाही, म्हणून विचारणारा वेडा ठरतो. त्या माणसाकडे माझ्याआधी कोणी पलंगाखालचं दार उघडून बघितलंच नव्हतं, हे त्यांनी स्वतःच अभिमानाने सांगितलं.

राहवलं नाही म्हणून मी नंतर फोन केला, निदान सिलिंडर तरी काढा म्हणून. गाडी विकली गेली होती. दोन मुलांचं कुटुंब, म्हणे. सिलिंडरचं काय केलंत विचारलं, तर म्हणाले, 'त्यांना भरून दिला ना. फ्री.'

ज्यांनी ती पांढरी, हिरव्या पडद्यांची गाडी घेतली त्यांनी हे वाचलं तर: आज मागच्या पलंगाखालचं दार उघडा, रेग्युलेटर बंद करा, सिलिंडर गाडीबाहेर काढा आणि ती नळी फेकून द्या. मुलांना चालत्या गाडीत त्या पलंगावर झोपवू नका. गाडी तुमच्या नावावर करायला कायद्याने ३० दिवस आहेत, आणि त्या आरसीवर काय लिहिलंय ते मला अजून माहीत नाही, तेव्हा भाऊ पुण्याहून आला असेल तर पहिल्यांदा ती हातात घ्या आणि वाचा.