‘ग्रँटेड’ आणि ‘रिलीज्ड’: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

जामिनाबद्दल इंग्रजीत कसं लिहावं, या माझ्या लेखावर आपले आक्षेप दोन. ‘ग्रँटेड बेल’ (जामीन मंजूर) आणि ‘रिलीज्ड ऑन बेल’ (जामिनावर सुटका) यांत फरक करणं म्हणजे शब्दांचा कीस पाडणं, हा पहिला. ‘एनलार्ज्ड ऑन बेल’ (जामिनावर मोकळा केलेला) हे चुकीचं, कारकुनी इंग्रजी असून त्याला लेखात थारा द्यायला नको होता, हा दुसरा. दुसरा मला अर्धा पटतो. पहिला अजिबात नाही.

जामीन मंजूर होतो कोर्टात, सुटका होते तुरुंगाच्या दारात. मध्ये बाँड (हमीपत्र), जामीनदाराची कागदपत्रं, त्यांची पडताळणी, रिलीज ऑर्डर (सुटकेचा आदेश) आणि ती तुरुंगाबाहेरच्या जामीन-आदेशांच्या पेटीत वेळेत पडणं, एवढं सगळं असतं. २०२१ च्या क्रूझवरच्या अमली पदार्थ प्रकरणात मुंबई हायकोर्टाने २८ ऑक्टोबरला जामीन मंजूर केला आणि ज्याच्यामुळे ते प्रकरण गाजलं तो आरोपी आर्थर रोड तुरुंगातून ३० तारखेला बाहेर आला. ‘वॉज रिलीज्ड ऑन बेल ऑन ट्वेंटी-एट्थ ऑक्टोबर’ असं लिहिलं तर ते वाक्य खोटं ठरतं. सुप्रीम कोर्टाने ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांत हेच अंतर मोजायला लावलं आहे: जामीन मंजूर झाल्यापासून सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचं. दोन्ही शब्द एकच मानले तर हे सात दिवस मोजणार कुठून?

अटकपूर्व जामिनात तर गफलत आणखी ठळक होते. माणूस कोठडीत गेलेलाच नसतो, म्हणून ‘रिलीज्ड ऑन अँटिसिपेटरी बेल’ चूक. ‘वॉज ग्रँटेड अँटिसिपेटरी बेल’ लिहावं. आदेशात ‘रिलीज्ड’ येतो, पण ‘इन द इव्हेंट ऑफ अरेस्ट’ (अटक झाल्यास) या अटीला बांधून.

‘ग्रँटेड हिम ऑन बेल’ ही चूक कुठून येते, तेही सांगतो. मराठीत आपण ‘जामिनावर सुटला’ म्हणतो. हा ‘वर’ सुटण्याचा आहे, मंजूर करण्याचा नाही. तो मनात राहतो आणि ‘ग्रँट’च्या मागे ‘ऑन’ होऊन चिकटतो. ‘ग्रँटेड हिम बेल’, ‘ग्रँटेड बेल टू द अक्यूज्ड’, ‘ही वॉज ग्रँटेड बेल’ ही तिन्ही रूपं बरोबर. ‘ग्रँटेड विथ बेल’ कधीच नाही. तसंच, मराठीत माणूसही ‘जामीन राहतो’, म्हणून ‘माय अंकल गेव्ह मी बेल’ लिहिलं जातं. बेल देतं कोर्ट. काका जामीन राहिले, तर ‘ही स्टूड शुअर्टी फॉर मी’; शुअर्टी म्हणजे जामीनदार.

आता ‘एनलार्ज’. यातला ‘लार्ज’ म्हणजे मोकळा. ‘ॲट लार्ज’मध्ये आहे तोच. त्यामुळे ‘द अक्यूज्ड बी एनलार्ज्ड ऑन बेल’ हे जुनं आहे, चुकीचं नाही. मोकळा होतो तो माणूस, म्हणून ‘बेल वॉज एनलार्ज्ड’ मात्र चालणार नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४९८ मध्ये ‘ॲडमिटेड टू बेल’ होतं. १९७३ च्या संहितेच्या कलम ४३९ ने ‘रिलीज्ड ऑन बेल’ घेतलं आणि तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८३ मध्येही तेच आहे. म्हणून नव्या मसुद्यात ‘रिलीज्ड’च लिहावं, इथे आपल्याशी सहमत. जुना आदेश उद्धृत करताना मात्र ‘एनलार्ज्ड’ला हात लावू नये.

रकमेचं आपण विचारलं नाहीत, पण नुकसान तिथे जास्त होतं. ‘बेल ऑफ रुपीज ट्वेंटी-फाइव्ह थाउजंड’ वाचून लोकांना वाटतं, पैसे भरले. मुंबईतल्या आदेशाचा नेहमीचा साचा असा: ‘ऑन फर्निशिंग पी. आर. बाँड इन द सम ऑफ रुपीज २५,००० विथ वन ऑर टू शुअर्टीज इन द लाइक अमाउंट’, म्हणजे २५,००० रुपयांचं वैयक्तिक हमीपत्र (पी. आर. बाँड) आणि तेवढ्याच रकमेचे एक किंवा दोन जामीनदार. ही हमी आहे, भरणा नाही. पैसे खरोखर भरले जातात ते ‘प्रोव्हिजनल कॅश बेल इन ल्यू ऑफ शुअर्टी’ (जामीनदाराऐवजी तात्पुरता रोख जामीन) असेल तेव्हा. जामीनदार उभा करायला वेळ लागतो, म्हणून काही आठवड्यांपुरती दिलेली ती सवलत असते. शिवाय नव्या संहितेच्या कलम २ मध्ये ‘बाँड’ म्हणजे जामीनदाराविना आणि ‘बेल बाँड’ म्हणजे जामीनदारासह, अशी स्वतंत्र व्याख्या आहे. मसुद्यात नुसतं ‘बाँड’ लिहून जामीनदार अभिप्रेत धरू नये.

आणि आपल्या प्रतिक्रियेतल्या ‘बेल कॅन्सल झाली’ या वाक्याबद्दल. आपण सांगता त्या प्रकरणात अर्जच फेटाळला गेला होता, म्हणजे ‘बेल वॉज रिफ्यूज्ड’. रद्द होतो तो आधी मिळालेला जामीन. ‘कॅन्सल्ड’ वाचणारा असंच समजेल की आरोपी बाहेर होता आणि त्याने अटी मोडल्या.